हत्तींच्या मुलखात पंगत कशी मांडतात

आफ्रिकेतल्या सफारी लॉजच्या जाहिरातीत एक फोटो हमखास असतो. लाकडी ओटा, पांढरं कापड अंथरलेलं टेबल आणि चाळीस-पन्नास पावलांवर पाणी पिणारा हत्तींचा कळप. हा देखावा आपोआप जुळून येत नाही. टेबलावर कोणतं फळ ठेवायचं नाही, कोठीला खिडकी असावी की नसावी, सांडपाणी कुठे मुरवायचं, पाणवठ्यात पाणी कुठल्या बाजूने सोडायचं, हे सगळं हत्तीचं नाक आणि पोट लक्षात घेऊन ठरवलेलं असतं. जिथे ते ठरवताना चुकलं, तिथे काय झालं हेही नोंदलेलं आहे. पाहुण्यांना भीती वाटते सिंहाची, पण जेवणाची जागा आखणारे लोक डोकं खाजवतात ते हत्तीपायी. सिंहाला आपल्या फ्रूट सॅलडमध्ये काडीचाही रस नसतो.

आधी भूक, मग नाक

सवाना म्हणजे मधूनमधून झाडं असलेला विस्तीर्ण गवताळ प्रदेश. तिथला मोठा नर हत्ती खांद्यापाशी तीन ते चार मीटर उंच आणि पाच-सहा टन वजनाचा असतो. तो दिवसाला साधारण १५० किलो चारा खातो आणि १०० ते २०० लिटर पाणी पितो. एवढं खायला दिवसाचे सोळा-अठरा तास जातात, कारण हत्तीचं पचन फारसं कार्यक्षम नाही. गाय-म्हशीसारखा तो रवंथ करत नाही. खाल्लेल्यातलं निम्म्याहून कमी अंगी लागतं आणि उरलेलं लिदीवाटे बाहेर पडतं. गवत, पालापाचोळा, साल, मुळं यांवर पोट भरायचं म्हणजे हे असंच चालणार.

आता त्याच्या पुढ्यात संत्र्यांची एक पेटी ठेवून बघा. साखर, पाणी, मऊ गर, आणि चावायचे कष्ट जवळपास नाहीत. तासभर साल सोलून जे मिळत नाही ते पाच मिनिटांत मिळतं. हत्तीला फळ ‘आवडतं’ एवढं म्हणून भागत नाही. त्याच्या दृष्टीने हा फारच फायद्याचा सौदा असतो, आणि असा सौदा कुठे होतो ते तो विसरत नाही.

तो सौदा शोधायचं साधन म्हणजे सोंड. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात आफ्रिकन हत्तीमध्ये वास टिपणारे संवेदक घडवणारी जवळपास २,००० जनुकं आढळली. कुत्र्याच्या दुप्पट आणि माणसाच्या पाचपट. बंद गाडीत, पिशवीत, पिशवीतल्या डब्यात ठेवलेलं पिकलं केळं आपल्या दृष्टीने लपलेलं असतं. हत्तीच्या दृष्टीने ते उघड्यावरच असतं. तिलारी-दोडामार्ग भागातल्या बागायतदारांना हे वेगळं सांगायला नको. तिथे येणारे हत्ती आशियाई जातीचे, पण पिकल्या फणसाचा माग ते असाच काढतात.

जाता जाता एक गैरसमज दूर करू. मारुला नावाच्या झाडाची आंबलेली फळं खाऊन हत्ती झिंगतात, ही गोष्ट सफारीच्या टेबलावर दर संध्याकाळी कुणीतरी सांगतंच. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी हिशोब मांडून दाखवला, की एवढ्या मोठ्या देहाला झिंग यायला लागणारं मद्यार्क झाडाखालच्या फळांतून मिळणं जवळजवळ अशक्य आहे. शिवाय हत्ती पसंत करतात झाडावरची ताजी फळं. पुढे असंही दिसलं की मद्यार्क पचवणारं एक जनुक हत्तीत निकामी आहे, म्हणजे थोड्याशानेही परिणाम होऊ शकेल. त्यामुळे वाद मिटलेला नाही. पण हत्ती अंगावर धावून आला तर तो प्यायलेला होता, हे कारण पुढे करू नये. बहुतेक वेळा कारण आपल्याकडेच असतं.

संत्र्यांचा धडा

माणसाने हत्तीला खायला घातलं तर काय होतं, याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या अॅडो एलिफंट नॅशनल पार्कमध्ये सापडतं. हा भाग तसा सवानापेक्षा दाट काटेरी झुडपांचा, पण धडा सगळीकडे लागू पडतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथले शेतकरी पिकांची आणि पाण्याच्या सोयींची नासधूस करणाऱ्या हत्तींना वैतागले होते. सरकारने १९१९ मध्ये मेजर प्रिटोरियस नावाच्या शिकाऱ्याला हत्ती संपवायच्या कामावर नेमलं. त्याने शंभराहून अधिक हत्ती मारले. १९३१ मध्ये उद्यान जाहीर झालं तेव्हा तिथे अवघे ११ हत्ती उरले होते.

या हत्तींना उद्यानाच्या हद्दीत ठेवायचं कसं? कुंपण नव्हतं. शेजारच्या संडेज नदीच्या खोऱ्यात संत्र्यांच्या बागा होत्या. तेव्हा गाडी भरून संत्री आणून उद्यानात टाकायला सुरुवात झाली. हत्ती शेतात जाण्याऐवजी गाडीची वाट पाहू लागले, म्हणजे योजना यशस्वी झाली. १९५४ मध्ये ग्रॅहॅम आर्मस्ट्राँग या व्यवस्थापकाने ट्रामचे जुने रूळ खांब म्हणून रोवून आणि लिफ्टचे पोलादी दोर ताणून हत्तीला न तुटणारं कुंपण उभं केलं. आत २२ हत्ती आणि सुमारे २,२७० हेक्टर जमीन होती. आता हत्तींना थोपवण्यासाठी संत्र्यांची गरज उरली नव्हती. तरीही ती चालू राहिली, कारण एव्हाना ते बघायला पर्यटक येऊ लागले होते.

दुष्परिणाम हळूहळू दिसले. एरवी लांबलांब पांगून चरणारे हत्ती एकाच जागी घोळका करून थांबू लागले. त्या जागेभोवतीची झुडपं तुडवली गेली. फळांचा ढीग मर्यादित आणि तोंडं जास्त, त्यामुळे ढकलाढकली आणि भांडणं वाढली. गाडीचा आवाज म्हणजे खाणं, एवढं समीकरण पक्कं झालं, आणि हत्तीला वनखात्याची गाडी कुठली नि पर्यटकाची कुठली यात फरक करण्याचं काही कारण नव्हतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हा प्रकार बंद झाला. आज तिथे सहाशेहून अधिक हत्ती आहेत, आणि प्राणी पाहायला जाताना गाडीत संत्री, मोसंबी, लिंबू असं कुठलंही फळ नेण्यास मनाई आहे. हत्ती साठ वर्षांपर्यंत जगतो, पिल्लं आईकडून शिकतात. खाऊ घालणं एका दिवसात बंद करता येतं. त्याची सवय मोडायला हत्तीची एक पिढी सरावी लागते.

झिम्बाब्वेतल्या माना पूल्स उद्यानात हाच नियम आणखी कडक आहे. ताजी फळं, त्यातही लिंबूवर्गीय फळं, उद्यानात आणायचीच नाहीत. झांबेझी नदीकाठचे तिथले तंबूतळ ज्या मोठ्या झाडांच्या सावलीत आहेत ती झाडं बाभळीच्या नात्यातली. त्यांचं वेळापत्रक उलटं असतं. पावसाळ्यात पानं गळतात आणि ऐन कोरड्या दिवसांत, बाकी सगळं वाळलेलं असताना, पिवळसर वळलेल्या शेंगांचा सडा पडतो. हत्तींना त्या शेंगा फार प्रिय आहेत. काही नर तर मागच्या दोन पायांवर उभं राहून उंच फांदी ओढतात. म्हणजे पर्यटकाला सावली हवी, हत्तीला शेंगा हव्यात, आणि जागा एकच. एवढ्यावर दोघांचं निभतं. हत्ती शेंगा वेचत तंबूच्या दोऱ्या ओलांडून जातो आणि माणसं गप्प बसून राहतात. पण तंबूत संत्री असली की तो थांबतो. गाडीचा पत्रा आणि काच त्याला अडवू शकत नाहीत.

इमारतच वाटेवर आली तर

झांबियातल्या साउथ लुआंग्वा उद्यानातल्या म्फुवे लॉजची गोष्ट याच्या उलट आहे. तिथे स्वागतकक्षाच्या पलीकडे, आवारात, जंगली आंबा म्हणून ओळखलं जाणारं एक झाड आहे. त्याची फळं साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पिकतात. एक हत्तीण आणि तिचं कुटुंब वर्षानुवर्षं त्या झाडाकडे जात असे, आणि लॉज बांधलं गेलं ते नेमकं त्या वाटेत. हत्तींनी वाट बदलली नाही. ते दगडी पायऱ्या चढून, नोंदणीच्या टेबलासमोरून, आरपार निघून जात.

लॉजने त्यांना हाकललं नाही आणि बोलावलंही नाही. त्या काळात मधली जागा मोकळी ठेवायची, हत्ती आले की पाहुण्यांना ठरावीक अंतरावर थांबवायचं, कुणी पुढे जाऊन फोटो काढायचा नाही आणि कुणी काही खाऊ घालायचं नाही. हत्ती फळासाठी येतात, माणसाकडून काही मिळेल म्हणून येत नाहीत, हे नातं तसंच राहू दिलं गेलं. म्हणूनच हा प्रकार निभला. हेच झाड उद्या कुणी पर्यटक यावेत म्हणून मुद्दाम लावलं, किंवा फळं संपल्यावर टोपलीभर आणून टाकली, तर अॅडोचीच कहाणी पुन्हा घडेल.

जेवणासमोरचा पाणवठा

खाऊ घालणं आता जवळपास सगळीकडे बंद आहे. पाणी पाजणं मात्र बंद नाही. जेवणाच्या ओट्यासमोर पाणवठा ठेवायची कल्पना जुनी आहे. केन्याच्या ॲबरडेअर जंगलात १९३२ मध्ये ट्रीटॉप्स हे झाडावरचं निवासस्थान उभं राहिलं ते पाणवठा आणि प्राणी खारट माती चाटायला येतात अशा जागेजवळ. पुढे त्याच्या आसपासची झाडं हत्तींनी मोडून टाकली आणि परिसर उघडाबोडका झाला. केन्यातल्याच त्सावो वेस्ट उद्यानातल्या किलागुनी लॉजमध्ये, १९६२ पासून, जेवणाच्या दालनातूनच पाणवठा दिसतो. तिथल्या लाल मातीत लोळून हत्ती विटकरी रंगाचे झालेले असतात.

पाण्याचा हिशोब सोपा आहे आणि तो कमी धरला की लॉज अडचणीत येतं. १०० हत्ती आले आणि प्रत्येकाने १५० लिटर पाणी प्यायलं, तर एका दिवसाला १५,००० लिटर झाले. यात अंगावर उडवलेलं, सांडलेलं आणि उन्हाने उडून गेलेलं धरलेलं नाही. पंप सौरऊर्जेवर असेल तर तो दिवसा चालतो आणि हत्तींची मोठी गर्दी होते संध्याकाळी आणि रात्री. म्हणून दिवसभर भरून राहील एवढी साठवण लागते. नाहीतर अंधार पडता पडता तळं रिकामं, आणि तहानलेले हत्ती पोहण्याच्या तलावाकडे, नाहीतर स्नानघराच्या नळाकडे वळतात.

हत्ती गढूळ पाणी पितो, पण स्वच्छ पाणी मिळत असेल तर ते निवडतो. तळ्यात पाणी जिथून पडतं त्या तोंडापाशी मोठे हत्ती आधी जागा पकडतात. म्हणजे नळाचं तोंड जिथे, हत्ती तिथे. चांगला आराखडा करणारा ते तोंड ओट्यापासून लांबच्या काठाला, जड काँक्रीटच्या ठोकळ्यात बसवतो. त्याने तीन गोष्टी साधतात. हत्ती सुरक्षित अंतरावर थांबतात, त्यांची तोंडं जेवणाऱ्यांकडे येतात, आणि सोंडेने पाइप उपटला जात नाही. जाहिरातीतला फोटो असा घडतो.

पण पाणवठ्याची किंमत जंगल मोजतं. झिम्बाब्वेच्या ह्वांगे उद्यानात बारमाही नदी नाही. १९३० च्या दशकापासून तिथे कूपनलिका खोदून पाणी उपसलं जातं आणि त्या पाण्यावर हजारो हत्ती जगतात. पूर्वी कोरड्या दिवसांत कळप दूर निघून जात आणि झाडांना उसंत मिळे. बारमाही पाणी मिळाल्यावर ते तिथेच थांबतात, आणि पाण्याभोवतीच्या काही किलोमीटरच्या पट्ट्यातली झाडं खुरटतात. मग दुष्काळ पडला की पाणी असतं, चारा नसतो. २०१९ च्या दुष्काळात झिम्बाब्वेत दोनशेहून अधिक हत्ती मेले. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानात एके काळी तीनशेहून जास्त कूपनलिका होत्या. नव्वदच्या दशकापासून त्यातल्या बऱ्याच जाणूनबुजून बंद केल्या गेल्या. एखाद्या लॉजचा पाणवठा वर्षाचे बारा महिने भरलेला असेल, तर तो पाहुण्यांसाठी भरलेला आहे, हत्तींसाठी नव्हे, असं समजायला हरकत नाही.

कोठी, कुंपण, सांडपाणी

पाहुण्यांच्या टेबलापेक्षा हत्तीचा धोका जास्त असतो तो मागच्या बाजूला. कोठीत फळांच्या पेट्या, भाज्या, मक्याच्या पिठाची पोती आणि मीठ असतं. सवानातल्या चाऱ्यात सोडियम कमी असतं, त्यामुळे मीठ हे हत्तीसाठी फळाइतकंच मोठं आकर्षण आहे. कर्मचाऱ्यांची वस्ती बहुधा लॉजच्या मागे, कुंपणाबाहेर किंवा कच्च्या बांधकामाची असते. तिथेच महिन्याचं पीठ भरलेलं असतं. भिंती फुटतात त्या तिथल्या, आणि जाहिरातीत त्या दिसत नाहीत.

म्हणून फळं आणि पीठ ठेवायची खोली पक्क्या बांधकामाची, खिडकी नसलेली, बाहेर उघडणाऱ्या जड दाराची असावी लागते. खिडकी लोखंडी गजांची असली तरी सोंड आत जाते, आणि सोंड आत गेली की गज फार काळ टिकत नाहीत. शोभेसाठी टेबलावर मांडलेली फळांची परडी रात्रीचं जेवण उरकताच आत जाते. कुंपण नसलेल्या तळांवर पाहुण्यांनी तंबूत फळ, रस, गोड बिस्किटं ठेवू नयेत असं पहिल्याच दिवशी सांगतात. ओला कचरा बंद पिंजऱ्यात ठेवून रोजच्या रोज बाहेर न्यावा लागतो. उघडा खड्डा खणून त्यात कचरा टाकायची जुनी पद्धत सगळ्यात घातक. त्यातून बबून, तरस आणि हत्ती तिघेही शिकतात, आणि हत्ती कचऱ्याबरोबर प्लॅस्टिकही गिळतो.

सांडपाण्याचं कुणाच्या फारसं ध्यानात येत नाही. शोषखड्ड्यावर कोरड्या महिन्यांतही गवत हिरवंगार राहतं. चहूकडे सगळं करपलेलं असताना तो एकच हिरवा तुकडा हत्तीला न दिसेल कसा? तो तिथे येतो, जमीन पोकळ असते, झाकण खचतं. पाण्याचा पाइप उथळ पुरला आणि कुठे ठिबकला, की हत्ती ओल हुंगून तो उकरून काढतो. उपाय साधेच आहेत. पाइप खोल पुरायचा, सांधे कमी ठेवायचे आणि शोषखड्डा जेवणाच्या व राहण्याच्या जागेपासून दूर घ्यायचा.

कुंपणाच्या बाबतीत आपल्याकडचे शेतकरी ज्याला झटका मशीन म्हणतात तेच यंत्र तिथे मोठ्या ताकदीचं वापरतात. साधारण सेकंदाला एक, सहा ते नऊ हजार व्होल्टचा क्षणिक धक्का बसतो. तो जीव घेत नाही, पण आठवणीत राहतो. हत्तींपुरतं कुंपण हवं असेल तर जमिनीपासून सुमारे दोन मीटरवर एक-दोन तारा पुरतात. हरणं, रानडुकरं खालून जात-येत राहतात आणि पाहुण्यांना गजाआड बसल्यासारखं वाटत नाही. बिघडतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे अर्थिंग. धक्का बसायला वीज हत्तीच्या पायातून जमिनीत जाऊन यंत्राकडे परतावी लागते, आणि ऐन उन्हाळ्यात कोरडी वाळू वीज वाहूच देत नाही. म्हणजे हत्ती येण्याच्या दिवसांतच कुंपण लुळं पडतं. त्यासाठी अर्थिंगच्या जास्त सळ्या खोल ठोकून तिथे ओल टिकवतात, किंवा एक तार विजेची आणि एक परतीची अशी जोडी ओढतात. दुसरं म्हणजे हत्तीचे सुळे. त्यांतून वीज वाहत नाही हे हुशार नर लवकर शिकतो आणि सुळ्याने तार तोडतो, किंवा झाड उपटून तारांवर पाडतो.

दुसरा पर्याय चर. चारही पाय एकदम उचलून हत्ती उडी मारू शकत नाही, त्यामुळे दोन-तीन मीटर रुंद आणि तेवढ्याच खोलीचा उभ्या कडांचा चर तो सहसा ओलांडत नाही. ओट्यावरून चर दिसतही नाही. मात्र एका पावसाळ्यात कडा ढासळतात, आणि हत्ती पायाने माती ढकलून उतार करून घेतो. कडा दगडी बांधल्या नाहीत तर दरवर्षी खोदकाम आलंच. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे टोकदार, ओबडधोबड दगडांचा रुंद पट्टा. हत्तीचा तळवा मऊ गादीसारखा असतो, अशा दगडांवर चालणं त्याला नको वाटतं. पाण्याच्या टाक्यांभोवती आणि मोठ्या झाडांच्या बुंध्यांभोवती असे दगड रचलेले दिसतात. ओटा नुसता उंच करून मात्र काही होत नाही. मोठ्या नराची सोंड पाच-सहा मीटरपर्यंत पोचते.

मधमाश्यांचाही उपयोग होतो. हत्ती त्यांना घाबरतात, म्हणून केन्यातल्या शेतांभोवती दर दहा मीटरवर पोळ्याची पेटी टांगून तारेने जोडतात. तारेला धक्का लागला की पेट्या हलतात आणि माश्या बाहेर येतात. शेतासाठी हा उपाय छान आहे. जेवणाच्या जागेपाशी तो का करत नाहीत हे सांगायची गरज नसावी. मिरचीची पूड आणि हत्तीची लीद कालवून केलेल्या विटा जाळूनही हत्ती दूर ठेवतात. तो धूर पाहुण्यांनाही तेवढाच झोंबतो.

उघड्या रानातली न्याहारी

केन्यातल्या मासाई मारासारख्या ठिकाणी सकाळच्या फेरीनंतर रानातच टेबल मांडतात. गरम हवेच्या फुग्यातून उतरणाऱ्यांची न्याहारी तर ठरलेलीच असते. वाटेल तिथे चटई पसरायची परवानगी बहुतेक ठिकाणी नसते. जागा ठरलेल्या असतात आणि त्यासाठी वेगळे पैसे भरावे लागतात.

जागा निवडताना आधी चारी बाजूंनी किती लांबवर दिसतं ते पाहतात. एकटं मोठं झाड सावलीला चांगलं, पण त्याखाली ताजी लीद, सोललेली साल किंवा पडलेली फळं दिसली तर ते सोडायचं. हत्तीची मळलेली पायवाट आणि ती पाण्याकडे उतरते ती जागा टाळायची. नदीच्या काठावर बसणं देखणं असतं, पण तिथे माणूस पाणी आणि प्राणी यांच्या मध्ये येतो. वाटाड्या आधी गाडीतून मोठा फेरा मारून झुडपं बघतो, मग पायी उतरतो. गाड्या टेबलाच्या एका बाजूला, दारं टेबलाकडे आणि तोंडं बाहेर जाण्याच्या दिशेला ठेवून लावतात. शौचासाठीचं झुडूप कुठलं हेही आधी तपासून ठरतं. बहुतेक भलत्या गाठीभेटी तिथेच होतात.

स्वयंपाक लॉजवरच करून आणतात. तिथे फक्त गॅसवर अंडी आणि चहा होतो. फळं कापलेली, झाकलेली आणि खायच्या वेळीच बाहेर काढलेली. उठताना सालं, अंड्याची टरफलं, कागदी रुमाल, चहाचा चोथा सगळं पेटीत परत जातं. ‘केळ्याची साल काय, कुजून जाईल’ हे तिथे चालत नाही. उद्या त्याच जागी दुसरी मंडळी बसणार असतात.

वारा हा या सगळ्यातला बेभरवशाचा भाग. सकाळी थंड असताना एका दिशेने वाहणारा वारा ऊन चढलं की फिरतो, आणि जो कळप आपल्याला हुंगू शकत नव्हता त्याला अचानक माणसांचा वास येतो. वास आल्यावर सोंड वर करून इंग्रजी ‘एस’सारखी वळवणं, चरणं थांबवून सगळ्यांनी एका दिशेला तोंड करणं, पिल्लांना मध्ये घेणं, ही पहिली लक्षणं. या टप्प्यावर वाटाड्या शांतपणे ‘गाडीत बसा’ म्हणतो. तेव्हा ताटं टेबलावरच सोडायची. धावायचं नाही, ओरडायचं नाही, मोबाइल शोधायचा नाही. हत्तीपेक्षा जोरात माणूस पळू शकत नाही, आणि पळणाऱ्याचा पाठलाग व्हायचा संभव जास्त.

कान पसरून, डोकं उंच करून, धूळ उडवत आणि किंचाळत येणारा हत्ती पुष्कळदा नुसता दरडावत असतो आणि मध्येच थांबतो. कान मागे घट्ट चिकटवलेले, सोंड छातीशी गुंडाळलेली आणि आवाज नाही, असं असेल तर तो थांबण्याची आशा कमी. मात्र हा नियम शंभर टक्क्यांचा नाही, म्हणून तो तपासून पाहण्याचं काम पाहुण्याचं नव्हे. गंडस्थळातून मद पाझरतोय, मागचे पाय मुताने ओले आहेत आणि उग्र दर्प येतोय असा नर दिसला, तर न्याहारीच रद्द करतात. माजावर आलेल्या नराच्या बाबतीत कुठलाही अंदाज चालत नाही.

कुंपण नसलेल्या तळावर रात्रीच्या जेवणाला एकट्याने जाऊ देत नाहीत. राखणदार तंबूपर्यंत येतो, विजेरी फिरवत पुढे चालतो आणि जेवण झाल्यावर परत सोडतो. ही बडदास्त नाही. हत्तीच्या तळव्याखालच्या चरबीच्या थरामुळे त्याच्या चालण्याचा आवाज येत नाही, आणि दहा पावलांवर उभा असलेला करडा हत्ती अंधारात खरोखर दिसत नाही.

डबा नेणाऱ्यांसाठी

केन्या-टांझानियाला जाणाऱ्या मराठी मंडळींच्या सामानात चिवडा, थालीपीठ, लाडू, लोणचं असतंच, आणि काही सहल कंपन्या सोबत आचारीही नेतात. फोडणीच्या वासाने हत्ती येईल अशी काळजी करू नये. काळजी करावी केळ्यांची, आंब्यांची, संत्र्यांची. कोरडा खाऊ गाडीत चालतो, पण तोही बंद डब्यात, आणि माकडं-बबून असतील तिथे काचा वर करूनच. लॉजवरून मिळणाऱ्या न्याहारीच्या खोक्यात बहुधा एक फळ असतं. ते ठरलेल्या जेवणाच्या जागीच खायचं आणि साल खोक्यात परत टाकायची. हत्ती जवळ असताना गाडीत फळ सोलायला घेऊ नये.

पॅकिंग मात्र घरीच बदलायला हवं. केन्यात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर २८ ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे आणि दंड जबर आहे. ५ जून २०२० पासून तिथल्या राष्ट्रीय उद्यानांसह सगळ्या संरक्षित भागांत एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकलाच मनाई आहे. त्यात पाण्याच्या बाटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ सगळं आलं. चिवडा स्टीलच्या किंवा जाड पुन्हा वापरता येणाऱ्या डब्यात भरावा, थालीपिठं कापडात किंवा बटर पेपरात गुंडाळावीत, आणि माणशी एक धातूची बाटली घ्यावी. ती लॉजवर भरून मिळते. जैन किंवा उपासाचं जेवण हवं असेल तर लॉजला आठवडाभर आधी कळवावं. भाजीपाला बहुतेक लॉजवर ठरावीक दिवशीच येतो आणि त्या कोठीत जास्तीचा साठा करत नाहीत. का, ते वर आलंच आहे.